आईच्या लग्नाची ड्युटी

"म्हणजे तू तुझ्या आईचीच करवली!"

प्रसाद सर असं म्हणाले आणि सगळी मीटिंग हसायला लागली. ऋतुजाने तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलत होते. एडिटिंगचे दोघं टेबलावर डोकं टेकून हसले. संपादकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी उभी होते, हातात रजेचा अर्ज.

झालं होतं एवढंच. शनिवारची मीटिंग. डहाणूतलं आमचं न्यूज चॅनेल लहान आहे, केबलवर चालतं, पण पालघरपासून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यापर्यंत घराघरात दिसतं. शनिवारी पुढचं रोस्टर ठरतं. कोण सकाळच्या शिफ्टला, कोण दुपारच्या, कुणाचा ऑफ कधी. प्रसाद सर असाइनमेंटचे हेड, रोस्टर तेच लावतात. मी डेस्कवर, बातम्या लिहिते, बुलेटिनचा क्रम लावते. भावाचं लग्न म्हणून मी तीन दिवस रजा मागितली. ते म्हणाले, भावाच्या लग्नाला तीन दिवस कशाला, एक दिवस घे, माणसं कमी आहेत. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सर, आधी आई-बाबांचं लग्न आहे, दुसऱ्या दिवशी भावाचं.

खोटं बोलले असते तर वाचले असते. हळद एक दिवस, लग्न एक दिवस, पूजा एक दिवस, असं काहीही चाललं असतं. पण माझ्या डोक्यातच आलं नाही की यात लपवायचं काय आहे. आमच्या पाड्यावर कुणालाही सांगा, आई-बाबांचं लग्न आहे, तो विचारील मांडव कधी घालताय.

"आई-बाबांचं? मग तू कुठून आलीस?" सरांनी विचारलं. आणि मग ते करवलीचं वाक्य.

"बरं आहे बाई तुम्हा लोकांचं," ऋतुजा म्हणाली. ती आमची अँकर. वाईट मुलगी नाही. डब्यातली भाजी देते. पण 'तुम्हा लोकांचं' हे तिच्या तोंडी इतकं सहज आलं की वाटलं, हे तिच्या जिभेवर रोजच असतं, फक्त मी समोर असताना ती गिळत होती.

मी अर्ज टेबलावर ठेवला आणि खाली बसले. मीटिंग पुढे सुरू झाली, महामार्गावरचे खड्डे, चिकूचा भाव. मी वहीत तेही लिहून घेतलं. याचा राग मला अजून येतो.

आता तुम्हालाही हसू येत असेल तर हसून घ्या. मग ऐका.

आम्ही वारली. सायवनच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. आमच्यात पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, दोन्ही घरांनी मान्य केलं, की पोरगी नांदायला येते. पाड्याच्या देखत येते. तिला सून म्हणतात. मुलं होतात, त्यांना बापाचं नाव लागतं, कुणी बोट दाखवत नाही. लग्न मागाहून. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, मांडव, वाजंत्री, आणि धवलेरी. आमच्यात भटजी नसतो. धवलेरी नावाची बाई गाणी म्हणून लग्न लावते. ती गाते तेव्हा लग्न पुढे सरकतं. हे सगळं जमेल तेव्हा करायचं. माझ्या आई-बाबांचं जमलंच नाही. एका वर्षी पीक गेलं, एका वर्षी आजा गेला, एका वर्षी मी आश्रमशाळेत आजारी पडले. राहून गेलं.

पण एक नियम आहे. आईबापाचं लग्न लागलेलं नसेल तर मुलाचं लागत नाही. म्हणून एकाच मांडवात आधी म्हातारा-म्हातारी, मग पोरगा. अशी लग्नं आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतात.

आणि माझ्या आईची एक गोष्ट आहे. लग्नाच्या घरी भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक. तो लिहायला लग्न लागलेल्या सवाशिणी लागतात. आमच्या पाड्यात तरी असंच आहे. आईचा हात सगळ्यांत चांगला, अंगणात ती काडीने मातीत असा चौक काढून दाखवते की बघत राहावं. पण दुसऱ्याच्या भिंतीला तिने कधी हात लावला नाही. लग्नघरी ती पीठ कालवून द्यायची आणि बाजूला बसायची. आता भावाच्या लग्नाचा चौक ती स्वतः लिहिणार होती. वर्षभर तेच बोलत होती. हे सगळं त्या अर्जात होतं. 'घरगुती कारण' असं लिहिलं होतं मी.

आमच्या स्टुडिओत अँकरच्या मागे भिंतभर वारली चित्राचा स्टिकर आहे. मधोमध लग्नाचा चौक. पाहुणे आले की संपादक अभिमानाने दाखवतात, आपल्या मातीतली कला. त्या चौकासमोर बसून ऋतुजा रोज बातम्या वाचते. त्या स्टिकरला कुणी विचारलं नाही, तू लग्नाआधीचा की नंतरचा.

रोस्टरचं माझं दुखणं जुनंच. गणपतीत सगळे रजेवर, ड्युटी माझी. का? "तुमच्यात कुठे असतो गणपती?" दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ड्युटी माझी, तेच कारण. बरं, मग आमच्या सणाला तरी द्या. होळी आमचा सगळ्यांत मोठा सण, मुंबई-वापीला गेलेला माणूसही होळीला पाड्यावर येतो. होळीला कव्हरेज असतं म्हणून ड्युटी. वाघबारशीला, आमच्या वाघदेवाच्या पूजेला, सुट्टी मागितली तर सर म्हणाले, वाघ राहिलेत का तुमच्याकडे? अच्छाडला ट्रकांची रांग लागली की भर उन्हात लाइव्हला मी आणि कॅमेरामन संजय. संजय तलासरीचा, आमच्यातलाच. कासा-सायवनकडे रस्ता नाही म्हणून कुणा बाईला झोळीतून दवाखान्यात आणलं की पुन्हा आम्ही दोघं, "तुम्हाला भाषा येते ना". बोलणार मात्र ऋतुजा. मी बाईला विचारायचं, बाई मला सांगणार, मी ऋतुजाला सांगणार, ऋतुजा डोळ्यांत पाणी आणून जगाला सांगणार.

काही म्हटलं की एकच उत्तर, माणसं कमी आहेत. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी घेतलं नाही, त्यांचं काम माझ्या अंगावर आलं. ऋतुजाच्या साखरपुड्याला चार दिवस रजा दिली तेव्हा माणसं पुरली होती. केकही आणला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर रोस्टर आलं. दर वेळेसारखा तक्त्याचा फोटो. मी माझी ओळ शोधली. लग्नाच्या दोन्ही दिवशी सुट्टी नव्हती. लिहिलं होतं: ड्युटी, सायवन, लाइव्ह. आणि माझ्या नावाच्या जागी कुणीतरी टाइप केलं होतं, 'करवली'.

खाली हसणारे चेहरे. एक, दोन, पाच. संजयचाही एक.

मी उठून सरांच्या केबिनमध्ये गेले. संपादक तिथेच होते. मी काही बोलायच्या आत तेच सुरू झाले. म्हणाले, अगं, तुला कळतंय का तुझ्या घरात केवढी स्टोरी आहे? इतकी वर्षं संसार, पोरं मोठी झाली, आणि आता अक्षता! शहरात लिव्ह-इनवर चर्चा करतात, तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दुपारच्या बुलेटिनला लाइव्ह करू. ऋतुजा येईल, संजय कॅमेरा. तू ओळखी करून दे, आईला बोलतं कर. शिवाय प्रोमो तूच लिही. तुझ्याइतकं अस्सल कोण लिहिणार?

प्रोमोचं नावही त्यांनी ठरवलं होतं. 'आधी संसार, मग सप्तपदी'.

मी म्हटलं, सर, आमच्यात सप्तपदी नसते.

"ठीक आहे गं, लोकांना कळायला पाहिजे," ते म्हणाले.

मी रजेचं विचारलं. प्रसाद सर म्हणाले, रजा कशाला हवी, ड्युटीवरच घरी जातेयस, पगार चालू, गाडी ऑफिसची, आणखी काय पाहिजे. नाहीतर रजा नाही, माणसं कमी आहेत. आणि मग हळूच, पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं बोलणं चाललंय, आता असं नको करू.

यालाच म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला नोकरी पाहिजे होती. आमच्या पाड्यातून असल्या खुर्चीवर बसलेली मी पहिली. आश्रमशाळेपासून धडपडत इथे आले, शिफ्ट पहाटेची असो की भर दुपारची, एकदाही उशीर केला नाही. मी बाहेर आले, मशीनसमोर बसले आणि प्रोमोची फाइल उघडली. एक ओळही सुचली नाही. फाइल तशीच बंद केली.

दुसऱ्या दिवशी माझा ऑफ होता. डहाणूहून एसटीने कासा, कासाहून जीप. जीपमध्ये लग्नाचीच माणसं, टपावर भांडी, मांडीवर कोंबड्या. घरी पोचले तर आई अंगण सारवत होती. मी ऑफिसचं कळवायच्या आत तिलाच कळलं होतं. संजयने कुणाला तरी फोन केला होता, गाडी कुठपर्यंत येते विचारायला. आई खुलली होती. सगळ्या पाड्याला सांगून झालं होतं, पोरगी टीव्हीवाले घेऊन येते. शेजारणीचं नवं लुगडं मागून ठेवलं होतं. मला म्हणाली, चौकासमोर उभी राहू ना मी?

मी तिच्यासमोर बसले. मला सांगायचं नव्हतं. पण न सांगता ते आले असते, तर तिने त्यांना पाणी दिलं असतं, चहा दिला असता, आणि ऋतुजाने हसून विचारलं असतं, मावशी, इतकी वर्षं लग्नाशिवाय कसं वाटलं? आणि आईने भाबडेपणाने उत्तर दिलं असतं. आणि पालघरपासून अच्छाडपर्यंत लोक सोफ्यावर बसून आमच्या मीटिंगसारखे हसले असते. म्हणून सांगितलं. मीटिंगमधलं सगळं, करवली, रोस्टर, प्रोमो. शब्द न गाळता.

आईचा हात शेणाच्या बादलीत होता. तो तसाच राहिला.

"मंग तू काय बोललीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी एखादी वस्तू जीपमध्ये विसरून यावी आणि ती आता परत कशी आणायची याचा तिने विचार करावा, तसं. मग पुन्हा सारवायला लागली. तेवढं आटपून तिने हात धुतले. आणि लुगडं शेजारणीला परत देऊन आली.

हसणाऱ्यांनी मला जेवढं मारलं नव्हतं तेवढं त्या एका प्रश्नाने मारलं. मी बातम्या लिहिते. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य कापते, जोडते, नीट करते. आणि माझ्या आईला भर मीटिंगमध्ये नागवं केलं तेव्हा माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. आश्रमशाळेपासून मला हेच शिकवलं होतं, गप्प राहिलं की पास होतो. मी पास होत होत इथपर्यंत आले होते. आता पुरे झालं.

सोमवारी सकाळची मीटिंग. तीच खोली, तीच माणसं. प्रसाद सरांनी विचारलं, काय करवली, प्रोमो झाला?

मी उभी राहिले. म्हटलं, "माझं नाव घ्या. प्रोमो लिहिला नाही, लिहिणार नाही. माझ्या घरी कॅमेरा येणार नाही. आणि मी तीन दिवस रजेवर आहे."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, रोस्टर लागलंय. मी म्हटलं, तुम्ही लावलंय, तुम्हीच काढा. मग ऋतुजाकडे वळून विचारलं, तुझ्या साखरपुड्याला आपण लाइव्ह केलं होतं का? मुलाकडच्यांसमोर तुला विचारलं होतं का, इतकी वर्षं लग्नाशिवाय कसं वाटतंय? ती लाल झाली. म्हणाली, माझी तुलना कशाला? मी म्हटलं, तेच तर, कशाला?

संपादक म्हणाले, अगं, गंमत होती ती, मनाला काय लावून घेतेस. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि समोरच्याला लागलं तर ती गंमत. मी म्हटलं, सर, गंमत होती तर मला हसू का आलं नाही? मी पर्स घेतली आणि निघाले.

मला वाटलं, संपलं. माझाच मूर्खपणा.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला होता. आंब्याच्या डहाळ्या, जांभळीचा पाला. आई-बाबा हळद लावून बसलेले. बाबा लाजून सारखे खाली बघत होते, बाया त्यांची थट्टा करत होत्या, नवरा म्हातारा पण लाज ताजी. बारकी काकी मधोमध बसली होती. बारकी काकी आमची धवलेरी. वय झालंय, पण आवाज अजून उभा आहे. तिने गाणं धरलं होतं, बाया मागून ओढत होत्या, आणि वळणावर चॅनेलची गाडी दिसली.

ऋतुजा उतरली. कानात इअरपीस, हातात माईक. संजय कॅमेरा खांद्यावर घेऊन सरळ मांडवाकडे. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी आडवी गेले. म्हटलं, संजय, परत जा. तो खाली बघत म्हणाला, ताई, माझी पण ड्युटी आहे. ऋतुजा म्हणाली, प्लीज, पाच मिनिटांत लाइव्ह आहे, नंतर आपण बोलू. माझ्या बाजूने दोघंही गेले. मी एकटी कितीजणांना अडवणार? पोरं कॅमेऱ्याकडे धावली. पाहुण्यांना वाटलं मीच बोलावलंय. बाबांनी तर उठून त्यांना खाट पुढे केली.

तेव्हा मी बारकी काकीपाशी गेले आणि वाकून आमच्या भाषेत सांगितलं. काकी, हे माझ्या आयशीला हसायला आलेत. हे इथे आहेत तोवर गाऊ नको.

काकीने गाणं तोडलं. अर्ध्या ओळीवर. तिने विचारलं नाही, का, कोण, कशावरून. तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवले. मागच्या बायाही थांबल्या. वाजंत्रीवाले एकमेकांकडे बघायला लागले आणि थांबले.

आमच्यात धवलेरी गात नाही तोवर लग्न पुढे जात नाही. घड्याळ नाही, मुहूर्त नाही, तिचं तोंड हाच मुहूर्त. अख्खा मांडव बसून राहिला. अळीमिळी गुपचिळी.

सोपं नव्हतं ते. आत्या माझ्यावर खेकसली, लग्न अर्ध्यात तोडतात का, अपशकुन करतेस. भाऊ येऊन दंडाला धरून म्हणाला, ताई, तुझ्या ऑफिसची भांडणं इथं नको आणू, माझं लग्न आहे उद्या. तो खरंच घाबरला होता. बाबा हळद लावलेले उन्हात अवघडून बसले होते, घाम हळदीतून ओघळत होता. मला वाटलं, मी चुकतेय. मी आईकडे बघितलं. पदर पुढे ओढून तिने तोंड झाकलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. मग शेजारणीनेही पदर ओढला. मग तिच्या शेजारणीने.

ऋतुजा काकीपुढे बसली, आजी, एकदाच गा ना, दोन ओळी फक्त. काकी तिच्याकडे बघतही नव्हती. ऋतुजाच्या कानात स्टुडिओ ओरडत असणार, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ढोल तरी वाजवा, ती वाजंत्रीवाल्यांना म्हणाली. वाजंत्रीवाल्याने बिडी काढली. मग लाइव्ह सुरू झालं. ऋतुजा हसून बोलायला लागली, आपण पाहू शकता, इथे एक आगळंवेगळं लग्न, आणि मागे पाहायला काय, तर पाठी. नुसत्या पाठी. ती चार वाक्यं बोलली, तीच फिरवून पुन्हा बोलली, आणि अडकली. एका पोराच्या मोबाइलवर आमचं चॅनेल चालू होतं. स्टुडिओतल्या अँकरने सांगितलं, तांत्रिक अडचणीमुळे संपर्क तुटला आहे.

ते थोडा वेळ थांबले. पण पुढच्या बुलेटिनसाठी दुसरीकडे कुठेतरी पोचायचं होतं त्यांना, रोस्टर होतं. आम्हाला कुठेच पोचायचं नव्हतं. गाडी वळणापलीकडे गेली आणि काकीने अर्धी ओळ जिथे तोडली होती तिथूनच धरली. आई-बाबांचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी तिने भावाच्या लग्नाचा चौक लिहिला. मी पिठाची वाटी धरून बसले होते.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं वाटलं असतं तुम्हाला. पण चॅनेलवाले थांबले नाहीत. संध्याकाळच्या बुलेटिनला आमचा मांडव दाखवला. बायांच्या पाठी, गप्प बसलेली काकी, आणि मी संजयला अडवताना. खाली पट्टी: 'पाड्यावर पत्रकारांना रोखलं'. प्रसाद सर स्वतः स्टुडिओत बसून म्हणाले, आदिवासी भागात माध्यमांना काम करणं कठीण होत चाललंय. चोराच्या उलट्या बोंबा. मागे तो स्टिकर होताच.

रजा संपवून मी ऑफिसला गेले. ग्रुपमधून मला काढलं होतं. रोस्टरमध्ये माझी ओळच नव्हती. सर म्हणाले, सध्या माणसं पुरेशी आहेत. हे वाक्य मी त्या ऑफिसात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, मला लेखी द्या. म्हणाले, लेखी काय द्यायचं, समजून घे. मी समजून घेतलं नाही. माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. मशीनचा पासवर्ड बदलला होता. बंद मशीनसमोर संध्याकाळपर्यंत बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मग पोलिसांत तक्रार दिली. त्या शनिवारच्या मीटिंगची. चार माणसांत, जातीवरून, माझ्या आईवरून काय बोलले ते. साक्षीदार कोण, त्यांनी विचारलं. मी मीटिंगमधल्या सगळ्यांची नावं सांगितली. ऋतुजाने सांगितलं, नीट आठवत नाही. एडिटिंगचे दोघे म्हणाले, आम्ही कामात होतो. संजयही त्या मीटिंगला होता, त्याला मी तलासरीत त्याच्या घरी जाऊन भेटले. त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो म्हणाला, ताई, मी काही ऐकलं नाही, माझ्या घरात मीच कमावता आहे. मला राग आला आणि त्याची कीवही आली. त्याचंही अजून लग्न लागलेलं नाही. हे ऑफिसात कुणाला माहीत नाही आणि माझ्या तोंडून कधी कळणार नाही.

आता निरोप येतात. चॅनेलच्या मालकाचा, शेठचा माणूस आला होता, म्हणाला, सर माफी मागतील केबिनमध्ये, तक्रार मागे घे, दुसऱ्या चॅनेलला चिठ्ठी देतो. आश्रमशाळेतल्या माझ्या बाईंचाही फोन आला, इतकं शिकलीस, करिअर कशाला जाळतेस. भाऊ म्हणतो, झालं ना लग्न, सोड आता. सगळ्यांना मी गप्प बसायला हवी आहे. मी गप्प बसले की सगळ्यांचं बरं चालतं.

मी तक्रार मागे घेणार नाही. केबिनमधली माफी मला नको. भर मीटिंगमध्ये हसलात, भर बुलेटिनमध्ये दाखवलंत, तर माफीही तिथेच, दुपारच्या बुलेटिनला, आईचं नाव घेऊन. दुसऱ्या चॅनेलला मी जाणार नाही. तिथेही रोस्टर कुणीतरी प्रसाद सरच लावत असणार. साक्षीदार नसतील तर मी एकटी साक्ष देईन, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा, तेच शब्द, तोच क्रम. आणि लेखी काढून टाकत नाहीत तोवर माझी शिफ्ट चालू आहे. डहाणूतली खोली सोडली आहे, रोज सकाळी मी पाड्यावरून पहिल्या जीपने कासाला उतरते, डहाणूची एसटी पकडते, आणि त्या खुर्चीवर जाऊन बसते. मला उठवायचं असेल तर हाताला धरून उठवा. आणि उठवताना कॅमेरा चालू ठेवा.